टोप्यांची शिरगणती

एरवी या सदराच्या वाट्याला पाऊण पान येते आणि त्यात मी माझे म्हणणे कसेबसे कोंबतो. दिवाळी अंकात मात्र संपादक हात सैल सोडतात. पान फराळाच्या ताटासारखे मोठे होते आणि मग नेहमीच्या पोह्यांवर भागत नाही. एखादा अनरसा जमवावाच लागतो. यंदाचा अनरसा मला आयता मिळाला. तो मिळाला लक्ष्मी रस्त्याच्या एका कोपऱ्यावर, भर उन्हात, हातात पेन्सिल घेऊन लोकांची डोकी मोजताना!

होय वाचकहो, डोकीच. मराठीच्या प्राध्यापकाने सोमवारी सकाळी रस्त्यात उभे राहून लोकांची डोकी मोजावीत, हे ऐकून आमच्या घरी प्रथम हसू झाले. "वर्गातली हजेरी कधी नीट जुळली नाही, आणि आता गावाची शिरगणती!" असा घरचा आहेर सौभाग्यवतींनी दिला. मी तो खाली मान घालून स्वीकारला, कारण तिचे म्हणणे खरे होते.

या भानगडीत मला ओढले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. बी.कॉम.च्या वर्गात ती मराठी शिकायला होती. व्याकरणात बेताची, पण निबंधात डोळे उघडे ठेवणारी. पुढे मुंबईला एका बाजारपाहणीच्या कंपनीत लागली. आता याला मार्केट रिसर्च म्हणतात. आपल्या आयाबाया मंडईत भाजी घेण्याआधी एक फेरी नुसती मारून येतात ना, तेच हे. फक्त फेरी मारण्याचा पगार मिळतो.

तिच्या वडिलांचे पेठेत टोप्यांचे दुकान आहे. पणजोबांच्या वेळचे. काळ्या टोप्या, पांढऱ्या टोप्या, मखमलीच्या, मुंजीतल्या बटूसाठी जरीच्या, आणि वरच्या फळीवर खोक्यांतून पगड्या. या वर्षी पाडव्याला वडिलांनी जाहीर केले, "आता पुरे. दिवाळीपर्यंत बघतो आणि गाळा मोबाइलवाल्याला देतो. टोपी घालतंय कोण?"

मुलीने हा प्रश्न वडिलांचा उसासा म्हणून न घेता कामाचा प्रश्न म्हणून घेतला. टोपी घालतंय कोण? मग मोजूच या! रजा काढून ती पुण्याला आली आणि थेट माझ्याकडे थडकली.

"सर, मोजणारी माणसं दोन लागतात. एकाची चूक दुसऱ्यामुळे कळते. तुम्हाला सुट्टी आहे आणि तुम्ही फुकट याल."

एवढ्या स्वच्छ शब्दांत मागणी केल्यावर नाही कसे म्हणणार?

"अगं, पण लोकांना सरळ विचारत का नाहीस?" मी म्हटले.

"विचारलं की सगळे म्हणतात, घालतो की सणासुदीला! वाईट दिसायला नको म्हणून. तोंड काहीही सांगतं, सर. डोकं खोटं बोलत नाही."

हे तिचे वाक्य मला इतके आवडले की मी त्याच संध्याकाळी नव्या पेन्सिली आणल्या.

पुस्तकी माणसाला कुठल्याही कामाला पूर्वज सापडल्याशिवाय चैन पडत नाही. मला तो सापडला. १९३७ साली इंग्लंडात ‘मास ऑब्झर्वेशन’ नावाची एक चळवळ निघाली. काढणारे तिघे: एक कवी, एक चित्रपट करणारा आणि एक पक्षिनिरीक्षक. पक्षिनिरीक्षक म्हणजे टॉम हॅरिसन. आधी त्याने पाणपक्ष्यांची देशभर गणती घडवून आणली होती. मग त्याला वाटले, पक्षी मोजले तशी आपलीच माणसे का मोजू नयेत? बोल्टन या सूतगिरण्यांच्या गावी त्याची मंडळी वह्या घेऊन हिंडू लागली. दारूच्या गुत्त्यात कोण कुठल्या खोलीत बसतो, एक पेला किती वेळात संपवतो, डोक्यावर गिरणी कामगाराची चपटी टोपी आहे की साहेबी हॅट, हेसुद्धा त्यांनी टिपले. त्याचे पुस्तक १९४३ साली निघाले. आणि गंमत अशी की लोकजीवन समजून घ्यायला निघालेल्या या मंडळींची १९४९ साली रीतसर कंपनी झाली, आणि ती चक्क बाजारपाहणी करू लागली! म्हणजे कवीपासून सुरू होऊन गल्ल्याशी पोहोचणारी ही वाट जुनीच आहे. मला जरा धीर आला.

तर, लक्ष्मी रस्ता. वेळ अकरा ते बारा. नियम असा की रस्त्यावर एक रेघ मनाशी धरायची आणि ती ओलांडणारे डोके टिपायचे. चार उभ्या काड्या, पाचवी आडवी. एकमेकांच्या कागदात डोकवायचे नाही. परीक्षेत मी आयुष्यभर मुलांना हेच सांगत आलो. आज पहिल्यांदा स्वतः पाळले.

तास संपला. कागद शेजारी ठेवले, तर आमच्या बेरजेत नऊ टोप्यांचा फरक! मला नऊ जास्त दिसल्या होत्या.

"सर, तुम्ही हेल्मेट धरलंत?"

"डोक्यावर होतं ते धरलं."

"आणि हँडलला लटकवलेलं?"

"ते नाही धरलं. पण त्या माणसाबद्दल वाईट वाटलं."

हेल्मेट ही टोपी आहे की नाही, यावर आमचा रस्त्यातच परिसंवाद झाला. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. दुचाकीवाल्याने हेल्मेट घालावे असे तो सांगतो. पण ज्या गावात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघतात, तिथे डोक्यावरच्या वस्तूला नुसती वस्तू म्हणता येत नाही. ते मत असते. मग डोक्याला पंचा गुंडाळलेला हमाल? उन्हासाठी चेहऱ्यासकट डोके बांधून स्कूटरवरून गेलेली मुलगी? पोलिसाची टोपी तर त्याने घेतलेली नव्हे, सरकारने दिलेली. विद्यार्थिनी म्हणाली, "मोजण्याआधी ठरवायला हवं होतं, टोपी म्हणजे काय. चूक माझी."

टोपी म्हणजे काय! मराठीच्या मास्तरला असा प्रश्न म्हणजे मांजराला दुधाची वाटी. आपल्या भाषेने डोक्यासाठी किती शब्द खर्च केले आहेत पाहा: बाळाचे टोपडे आणि कुंची, शेतकऱ्याचे मुंडासे, पाटलाचा पटका, लग्नातला फेटा, पागोटे, पगडी, रुमाल, कानटोपी, राजाचा जिरेटोप. डोक्यावरचे काढल्यावरही शब्द गेले नाहीत. आता कोणी कोणाला ‘टोपी घालतो’ तेव्हा फसवतो. ‘टोपी फिरवतो’ तेव्हा पक्ष बदलतो. आणि पगडी? ती डोक्यावरून उतरली ती थेट मुंबईच्या चाळीत शिरली. भाड्याची खोली मिळवायला मोजायची रक्कम म्हणजे पगडी, आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तिला राजमान्यताही दिली. खरी पुणेरी पगडी मात्र २००९ साली भौगोलिक चिन्हांच्या नोंदवहीत जाऊन बसली. पूर्वी बोडक्या डोक्याने बाहेर पडणे हे घरात कोणी गेल्याचे लक्षण मानीत. आज त्या हिशेबाने पाहिले, तर लक्ष्मी रस्ता सोमवारी सकाळी सुतकात होता!

दुसरी मोजणी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. वेळ पहाटेची. इथे चित्र एकदम पालटले. ट्रकमधून उतरणारे, पोत्यावर बसून चहा पिणारे, भावावरून घासाघीस करणारे, आणि जिकडे तिकडे पांढऱ्या टोप्या. माझी पेन्सिल पळू लागली. "बघ!" मी उत्साहाने म्हटले, "दुकान वाचलं!"

"सर, पहाटेचं यार्ड म्हणजे पुणं नाही, आणि अकराचा लक्ष्मी रस्ता म्हणजेही पुणं नाही," ती शांतपणे म्हणाली. पालखीच्या दिवशी तर तिने मला कागद काढूच दिला नाही. "पूर आलेल्या दिवशी नदी मोजून वर्षाची सरासरी काढायची नसते." निवडणुकीतल्या टोप्यांचेही तेच. त्या फुकट वाटलेल्या असतात आणि निकालानंतर त्या कुठे जातात ते पडलेल्या उमेदवारालाही सांगता येत नाही. तिचे वडील मात्र २०११ चा ऑगस्ट अजून विसरलेले नाहीत. अण्णा हजारे दिल्लीला रामलीला मैदानावर उपोषणाला बसले होते आणि इकडे दुकानात पांढरी टोपी औषधाला उरली नव्हती. "वाटलं, दिवस फिरले," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत परत जैसे थे."

कधी मोजले यावर सारे असते, हे मला तेव्हा पटले. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्याविषयी अशी दंतकथा आहे की ते बोडक्या डोक्याने शपथविधीला गेले आणि त्यांनी अमेरिकेतला हॅटचा धंदा बसवला. प्रत्यक्षात २० जानेवारी १९६१ रोजी त्यांनी उंच रेशमी हॅट आणली होती, घातलीही होती. भाषणाच्या वेळी तेवढी काढून ठेवली. धंदा तर त्याआधीच उतरणीला लागला होता. मोटारी आल्या, त्यांची छपरे ठेंगणी झाली, हॅट घालून आत बसता येईना. पण लोकांनी मोजणी केली ती नेमकी भाषणाच्या वेळी!

आणि लांब कशाला जा? ज्या टोपीला आपण गांधी टोपी म्हणतो तिचाच दाखला घ्या. ती कशी ठरली याची गांधीजींनी सांगितलेली हकीकत काकासाहेब कालेलकरांनी लिहून ठेवली आहे. गांधीजींनी आधी प्रांतोप्रांतीच्या लोकांच्या डोक्यांवर काय आहे ते पाहिले. त्यात काश्मिरी टोपी त्यांच्या मनात भरली. हलकी, शिवायला सोपी, घडी करून खिशात मावणारी. ती लोकरीची होती, त्यांनी ती सुती खादीची केली. रंग पांढरा, कारण पांढऱ्यावर मळ दिसतो, म्हणून ती धुवावी लागते आणि स्वच्छ राहते. वाचकहो, याहून चोख बाजारपाहणी कुठल्या कंपनीने केली आहे? आणि पुढे काय झाले? टोपी देशभर पसरली, सरकारी कचेऱ्यांत तिच्यावर डोळे वटारले गेले. आणि १९२१ च्या सप्टेंबरात मदुरेला गांधीजींनी पंचा नेसला तेव्हा सदऱ्याबरोबर टोपीही सोडली. त्यानंतर कोणी आमच्यासारखा कागद घेऊन उभा राहिला असता, तर गांधी टोपीचा जनक त्याच्या तक्त्यात ‘टोपी नाही’ या रकान्यात पडला असता!

हे सगळे मी विद्यार्थिनीला ऐकवले. वर्गात ती अशा वेळी खिडकीबाहेर बघत असे. आज ती माझ्याकडे बघत होती.

"सर, म्हणजे आपण चुकीच्या जागी उभे आहोत," ती म्हणाली. "घालणारे मोजतोय. टोपी पसंत करणारा, पैसे देणारा वेगळाच असला तर?"

शनिवारी आम्ही दोघे तिच्या वडिलांच्या दुकानात जाऊन बसलो. वडील गादीवर, आम्ही कोपऱ्यातल्या बाकावर. गृहस्थ मोठे मृदू. "सर, चहा घ्या," एवढे म्हणून ते आपल्या कामाला लागले. मुलीने गल्ल्याशी बसावे हे त्यांना पसंत नव्हते. "टोपीच्या दुकानात मुलगी काय करणार? गिऱ्हाईक डोकं पुढं करायला लाजेल," हे त्यांचे ठरलेले मत. मुलगी त्यावर काही बोलत नसे. तिची ती न बोलण्याची पद्धत मला वर्गापासून माहीत होती.

पहिले गिऱ्हाईक आले. चाळिशीचा माणूस, बोडका. वडिलांची पंचाहत्तरी होती. त्यांच्यासाठी काळी टोपी हवी होती. नंबर माहीत नव्हता. "तुमच्याएवढंच डोकं आहे का?" असे विचारल्यावर तो गप्पच झाला. वडिलांचे डोके केवढे आहे हे त्याने कधी पाहिलेच नव्हते.

दुसरे दोघे तरुण, बोडके. गावाकडे सत्कार होता, टॉवेल-टोपीचे पंचवीस जोड. तिसरी एक शिक्षिका. स्नेहसंमेलनात मुले टिळक आणि फुले होणार होती, पगडी आणि पागोटे हवे होते. चौथा माणूस काही न बोलता एक पांढरी टोपी घेऊन गेला. तो गेल्यावर वडील हळूच म्हणाले, "दुखवट्याची आहे. मेहुण्याला घालायची असेल. अशा गिऱ्हाइकाशी भाव करायचा नाही." पाचव्या कॉलेजातल्या तिघी मुली, ढोल पथकातल्या. त्यांना बांधलेले फेटे हवे होते. त्यातल्या एकीने आपले डोके न लाजता पुढे केले.

विद्यार्थिनीने कागद पुढे ओढला आणि तिचा चेहरा पडला. तिने स्वतः आखलेल्या तक्त्यात वयाचे रकाने होते, टोपीच्या रंगाचे होते, वेळेचे होते. स्त्रियांचा रकाना नव्हता.

"मीच विसरले," ती म्हणाली. "मी!"

घरे कुठल्या पायरीवरची आहेत हे ठरवण्याची या धंद्यातली जी रीत २०११ मध्ये ठरली, तिच्यात घरातल्या मुख्य कमावत्याचे शिक्षण बघत आणि ठरावीक अकरा वस्तूंपैकी किती घरात आहेत ते मोजत. पंखा, फ्रिज, मोटार वगैरे. ती रीत तिला पाठ होती. पण त्या दुकानात संध्याकाळपर्यंत जे आले, ते त्या अकरांत कुठे बसत नव्हते. आलेल्या गिऱ्हाइकांपैकी जवळजवळ सगळी डोकी बोडकी होती. टोपी जो तो दुसऱ्यासाठी नेत होता. बापासाठी, व्याह्यासाठी, मेहुण्यासाठी, शाळेतल्या टिळकांसाठी. रस्त्यावर उभे राहून आम्ही यांतल्या प्रत्येकाला ‘टोपी नाही’ म्हणून खोडले असते.

दुकान बंद व्हायच्या वेळी तिने टेप उचलली. "सर, डोकं पुढं करा." मी केले. कपाळावरून, कानांच्या वरून टेप फिरली.

"साडेबावीस."

"बावीस," वडील मान वर न करता म्हणाले. "टेप सैल धरलीस. आणि सरांचे केस आता गेलेत, ते जमेस धर."

बाप मुलीला धंदा शिकवत होता, हे दोघांनाही कळले नसावे. मी टकलावरचा तो शेरा आनंदाने सोसला.

"बावीस म्हणजे मग मला ती सैल का होते, ते आज कळलं," मी म्हणालो. कुठली, असे त्यांनी विचारले. मग मला सांगावे लागले.

माझे आजोबा काळी टोपी घालीत. पेन्शन आणायला, देवळात, दारावर आलेल्या पोस्टमनशी बोलतानासुद्धा. दर दिवाळीला माझे वडील त्यांना नवी टोपी आणीत. नंबर साडेबावीस. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले की आजोबा ती घालून आरशात न बघताच म्हणत, "ठीक आहे." १९९७ च्या पावसाळ्यात आजोबा गेले. त्या वर्षी घरात सण नव्हता. तरी वडील बाजारातून आले आणि पिशवीतून तेल, वाती यांच्याबरोबर कागदात गुंडाळलेली एक काळी टोपी निघाली. सवयीने आणली होती. वडील तिच्याकडे बघत राहिले. आईने काही विचारले नाही. तिने ती कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली. आता भाऊबीजेला बहीण ओवाळते तेव्हा मी तीच घालतो. अर्धा इंच सैल होते. मान ताठ ठेवून बसावे लागते.

दुकानात क्षणभर कोणी बोलले नाही. मग मी उगाच म्हटले, "ही टोपी तुझ्या कुठल्या रकान्यात बसते?"

तिने उत्तर दिले नाही. तक्त्याच्या शेवटी जागा होती तिथे पट्टी ठेवून एक उभी रेघ मारली आणि वर लिहिले: ‘कोणासाठी?’

पुढे तिने सहा आठवडे दुकानात बसून तो तक्ता भरला. आकडे तिचे आणि तिच्या वडिलांचे; ते इथे छापण्याचा मला अधिकार नाही. एवढे सांगतो की दसऱ्याला दुकानावर एक छोटी पाटी लागली: सत्कार, लग्न, मुंज, पंचाहत्तरी यांसाठी टोप्या व फेटे, नंबर माहीत नसला तरी चालेल. गाळा अजून मोबाइलवाल्याला दिलेला नाही. "संक्रांतीपर्यंत बघू," असे वडील म्हणतात. मुलगी रजा वाढवून गल्ल्याशी बसते आणि डोकी मोजते. कोणी लाजल्याचे ऐकिवात नाही.

भाऊबीजेला घराघरांत एकच गडबड उडेल. पाट मांडलेला, निरांजन लावलेले, आणि भाऊ बोडका. "अरे, टोपी कुठंय? निदान रुमाल तरी ठेव डोक्यावर!" त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर उभे राहून काही दिसायचे नाही, टोप्या सगळ्या घरात असतील. तुमच्या घरी सापडली नाही, तर रुमालावर भागवा. सापडली, तर ओवाळून झाल्यावर ती कोणी आणली होती तेवढे घरात एकदा विचारून पाहा.